आईच्या खळ्यावरचा दगड

माझ्या माहेरच्या दारात आज सहाशे चौरस फूट काळा दगड घातलेला आहे. टाकीने ठोकून खडबडीत केलेला, सांधे नीट भरलेले, पाण्याला उतार बरोबर. येणारे-जाणारे थांबून बघतात, कुठून आणला म्हणून विचारतात. मी त्यावर पाय ठेवला की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. आणि सांगायची लाज वाटते, पण तो दगड निवडला मीच.

आमचं घर किहीमच्या पुढे, समुद्राला लागून असलेल्या कोळीवाड्यात. वडील गेले, होडी विकली, तरी आईचं काम थांबलं नाही. ती जवळा वाळवते. जवळा म्हणजे नखाएवढी कोलंबी. ओला ठेवला तर संध्याकाळपर्यंत नासतो, वाळवला तर वर्षभर घरात राहतो. घरापुढचं अंगण हेच तिचं वाळवायचं खळं. पावसाळा सरला की ती अंगणात नवी माती टाकायची, पाणी मारायची, चोपण्याने चोपून चोपून घट्ट करायची आणि वरून शेणाने सारवायची. मग दर आठ-दहा दिवसांनी पुन्हा सारवण. त्या जमिनीवरून वाळलेला जवळा मऊ केरसुणीने ओढला की सगळा सुटा, स्वच्छ गोळा व्हायचा. आमच्याकडच्या बऱ्याच जणी किनाऱ्यावरच पसरतात, त्यामुळे त्यांच्या मालात रेती येते. आईच्या जवळ्यात रेती नसायची. बाजारात तिचं नाव होतं ते एवढ्या एका गोष्टीवर. तिला लिहिता येत नाही, अंगठा देते, पण तिची पाटी डोक्यावरून उतरायच्या आधी बायका तिच्या जागेपाशी येऊन थांबलेल्या असायच्या.

माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवतो. गेल्या वर्षी त्याने घराच्या मागे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. बांधल्या ते चांगलंच केलं, मी नाही म्हणत नाही. आता आमच्या बाजूला ज्याच्याकडे चार माड आणि एक संडास आहे तो पाहुणे ठेवतो. पण खोल्या झाल्या आणि याला अंगण खुपायला लागलं. गणपतीनंतर मला फोन. "ताई, लोक पैसे मोजून येणार आणि शेणातून चालत जाणार का? पुढे नॅचरल स्टोन टाकूया." नॅचरल स्टोन! दगडाला दगड म्हणायला याची जीभ वळत नव्हती.

मी तरी कुठची शहाणी. मी अलिबागला एका कार्यालयात खरेदीच्या टेबलावर बसते. पंख्यापासून फायलींच्या दोऱ्यापर्यंत जे काही विकत घ्यायचं त्याची तीन कोटेशनं मागवायची, तुलना करायची, टिपणी लिहायची, हे माझं पोटापाण्याचं काम. भाऊ म्हणाला, "तुझ्याशिवाय हे कोणाला जमणार नाही," आणि मी हुरळले. त्याच आठवड्यात मी एक तक्ता तयार केला. दगडाचा फुटाचा दर, तूटफूट धरून किती जास्त मागवायचा, गाडीभाडं, हमाली, खालचा कोबा, गवंड्याची मजुरी, सांधे भरायचा खर्च. पावसात घसरतो का, हा एक वेगळा रकाना, आणि त्याला सगळ्यांत जास्त गुण. आमच्याकडे अंगणात घसरून माकडहाड मोडलेलं माणूस प्रत्येक घरात एक तरी सापडतं, त्यामुळे घसरण्याचा विचार आधी. माझ्या त्या तक्त्यात काय नव्हतं ते विचारा. आई नव्हती.

आम्ही दोघं रविवार धरून दगडाच्या वखारी फिरलो. पेण, वडखळ, मग अलिबागच्या रस्त्यावरच्या दोन-तीन. या विकणाऱ्यांची एक खोड आहे. दगड समोर ठेवला की लगेच तांब्याभर पाणी ओततात. ओला दगड कुठलाही देखणा दिसतो! मी म्हटलं, "मालक, तो वाळू दे, मग बघते." त्याला ते आवडलं नाही. मला फार आवडलं. मला वाटलं, काय हुशार बाई आहे मी.

घोटलेला ग्रॅनाईट मी बघताच बाद केला. तो पावसात कोणाचा तरी जीव घेणार. शहाबादी फरशीला आमच्या खाऱ्या वाऱ्यात पापुद्रे सुटतात, ते मी शेजारच्या घरी पाहिलं होतं. जांभा भावाला हवा होता, फोटोत लाल छान येतो म्हणून. मी म्हटलं, तो पाणी पितो, त्यावर आषाढात शेवाळ धरलं की पाहुणे थेट समुद्रापर्यंत घसरत जातील. राहिला दोन-तीन प्रकारचा कोटा आणि हा काळा, टाकीचा. कोट्याचा दर फुटाला पंचावन्न, टाकीच्या दगडाचा एकशे दहा. दुप्पट. भाऊ कुरकुरला. पण दगड टणक, खाऱ्या हवेला दाद न देणारा, आणि टाकीचे घाव असल्यामुळे पाय धरून ठेवणारा. मी तिथल्या तिथे फोनवर हिशोब मांडून दाखवला, की एकदाच घालायचं तर दुप्पट दर परवडतो.

नमुन्याच्या चार फरश्या आम्ही घरी आणल्या. मागच्या पडवीत ओळीने मांडल्या, वर पाणी ओतलं, खोबरेल तेल चोळलं, माशाचं पाणी टाकलं. आणि आईला म्हटलं, "यावर चालून दाखव." हो, हे आम्ही केलं. घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस घसरतं का ते बघायला तिला लुगड्याचा ओचा धरून चार दगडांवरून फिरवलं. ती बिचारी हसत हसत फिरली. टाकीच्या दगडावर थांबली, पाय दाबून बघितला आणि म्हणाली, "ह्यो बरा हाय. पाय धरतो." झालं. भावाने टाळी वाजवली. मी तक्त्यात लिहिलं, आईची पसंती.

कुठे घालणार ते आम्ही तिला सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही, आम्हाला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. तिला वाटलं, फाटकापासून मागच्या खोल्यांपर्यंत जायच्या वाटेपुरता. खळ्यावर कोणी दगड घालेल हे तिच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. शेतावर कोणी डांबर घालतं का?

दिवाळीनंतर आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मी तिला अलिबागला माझ्या घरी आणलं. थेंब वेळेवर घालायचे, धूर नको, वाकायचं नाही, म्हणून पंधरा दिवस ठेवून घेतलं. भाऊ म्हणाला, "ताई, हीच वेळ आहे. ती येईपर्यंत सगळं करून टाकतो. सरप्राईज." आणि मी हो म्हटलं. मी आईला रोज गरम भात वाढत होते, डोळ्यात थेंब घालत होते, आणि तिकडे तिचं खळं खणलं जात होतं. ती रोज विचारायची, "खल्यावर पानी मारतो का गं तो? नायतर भेगा परतील." मी म्हणायची, "मारतो गं." बेशरम!

खणलेली माती उचलून न्यायचे पैसे पडणार होते. भावाने त्यावर तोड काढली. जवळच एका मुंबईच्या माणसाचा बंगला चालला होता, त्याला भरावाला माती हवी होती. त्याने स्वतःचा ट्रॅक्टर पाठवला आणि फुकट उचलून नेली. भावाने मला फोन करून फुशारकी मारली आणि मी त्या रकान्यात शून्य लिहिलं. खर्च वाचला! आईने लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी चोपलेली, हातभर जाडीची ती जमीन कोणाच्या तरी हिरवळीखाली गेली, आणि आम्ही बहीणभाऊ फोनवर एकमेकांना शाबासकी देत होतो.

आईला घेऊन मी रिक्षाने घरी आले तेव्हा भाऊ फाटकात उभा होता. आई डोळ्यांवर काळा चष्मा लावून उतरली. दोन पावलं चालली आणि थांबली. मग खाली वाकली, वाकायचं नाही असं सांगितलेलं असताना वाकली, आणि तळहाताने दगड चाचपला. इकडे चाचपला, तिकडे चाचपला.

"माजा खला कुठं हाय?" तिने विचारलं.

"आई, अगं हेच ते! आता तुला सारवायला नको, चोपायला नको," भाऊ म्हणाला. "याच्यावरच वाळव. शेणापेक्षा स्वच्छ. शहरातल्या लोकांना शेणावरचा माल चालत नाही आता."

आई तशीच वाकून दगड चाचपत राहिली. चष्मा लावलेला, त्यामुळे डोळे दिसले नाहीत. मी चहा टाकायला आत गेले. अवघड वेळी मी नेहमी चहा टाकते.

आई हट्टी आहे. जानेवारीत चांगला जवळा आला तेव्हा तिने दगड बादल्यांनी धुतला, कोरडा होऊ दिला आणि त्यावर नेहमीसारखा पातळ पसरला. पहिल्याच दिवशी कळलं. काळा दगड दुपारी असा तापला की जवळा वाळायच्या ऐवजी भाजायला लागला. मातीवर दोन उन्हांत जो गुलाबीसर पांढरा यायचा तो एका दुपारीत तपकिरी होऊन त्याच्या मिशा तुटायला लागल्या. ती घाईने गोळा करायला गेली तर टाकीच्या प्रत्येक घावात जवळा अडकून बसलेला. ज्या घावांसाठी आम्ही दुप्पट दर मोजला ते घाव. मऊ केरसुणीने निघेना म्हणून तिने खराटा घेतला. खराट्याने जवळा निघाला, पण सांध्यांतला चुरा आणि दगडाची बारीक कच बरोबर घेऊन निघाला. तीन वेळा सुपाने पाखडला. मिशांत गुंतलेली कच सुपाने जात नाही.

तिच्या डोळ्यात अजून थेंब चालू होते, बारीक दिसत नव्हतं. दाढा केव्हाच गेलेल्या. म्हणून तिने माझ्या भावाला म्हटलं, "जरा चावून बघ, कच लागते का." तो फोनवर कोणाशी तरी बुकिंगचं बोलत होता. चिमूटभर तोंडात टाकून त्याने हातानेच खूण केली, चांगला आहे. त्या खुणेवर तिने माल बांधला.

खाडीपलीकडच्या गावात एक भाभी आहेत. दोन मुलगे आखातात. दरवर्षी त्या आईकडून पाच किलो जवळा घेतात आणि कोणी तिकडे जाणारं भेटलं की त्याच्या सामानात पाठवतात. आई आणि त्या माझ्या जन्माआधीपासून एकमेकींना ओळखतात. मी एका रविवारी माहेरी होते, तेव्हा भाभी हातात पिशवी घेऊन फाटकातून आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, दोन इकडच्या-तिकडच्या गोष्टी केल्या. मग पिशवी हळूच पुढे सरकवली.

"नाराज नको होऊ," त्या म्हणाल्या. "पोराने फोन केला होता. विचारत होता, अम्मी, यंदा जवळा दुसऱ्या कोणाकडून घेतलास का?"

आईने पिशवीत हात घातला. चिमूट काढून दोन बोटांत चोळली, बराच वेळ चोळली. मग उठून आत गेली आणि पैसे घेऊन आली. भाभी नको नको म्हणत होत्या, खरंच मनापासून म्हणत होत्या, "पैशांसाठी आले नाही मी, तुला ठाऊक असावं म्हणून आले." आईने ऐकलं नाही. त्यांची मूठ उघडून पैसे आत घातले आणि मूठ दाबून बंद केली. भाभी गेल्यावर आईने तो जवळा माडांच्या आळ्यात ओतला आणि वर माती ओढली. घरात उरलेला सगळा मालही तिथेच ओतला.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ मागच्या खोलीत पडदे लावत होता. मी त्याला हाताला धरून पुढे आणलं.

"तुला काही आहे का?" मी ओरडले. "तोंडात टाकून तुला कच कळली नाही? दातांना झापड आली होती का? चार पाहुण्यांसाठी आईचं काम मातीत घातलंस. तिचं खळं विकून खाल्लंस!"

"मी? दगड कोणी निवडला?" तो म्हणाला.

"खळ्यावर टाकायचं तुझं ठरलं होतं. मी फक्त दर काढले. तुला कळायला नको, ही बाई इथे काय करते?"

"मला कळायला नको?" आता तोही पेटला. "ताई, वडखळच्या मालकाने तुला विचारलं होतं. मी तिथेच उभा होतो. त्याने विचारलं, बाई, अंगणात काही वाळत घालता का, मिरच्या, मासळी? तसं असेल तर हा टाकीचा नको, साधा मशीनकट कोटा घ्या, झाडता येतो. तू काय म्हणालीस? सांग ना आईला, तू काय म्हणालीस!"

आई आळ्यापाशी उकिडवी बसली होती. तिने मान वर केली.

"तुना इचारलेला त्याने?"

खोटं बोलता आलं असतं तर मी बोलले असते. पण भाऊ समोर उभा होता.

"हो," मी म्हटलं.

"आन तू काय बोल्लीस?"

"म्हटलं, नाही. आता कोण वाळवतंय."

"मी वालवतंय," आई म्हणाली.

एवढंच म्हणाली. मातीचे हात झटकले आणि मागच्या दारी धुवायला गेली. भाऊ पडदे लावायला परत गेला. जिंकला होता, पण त्यालाही ते नको होतं.

आता मी खरं लिहिते, कारण हे कोणाला तोंडाने सांगायची माझी हिंमत नाही. मी विसरले नव्हते. त्या मालकाने विचारलं तेव्हा आमच्या बाजूला एक मुंबईची बाई उभी होती. पांढरा सुती कुर्ता, डोळ्यांवर गॉगल, बंगल्याच्या पायऱ्यांसाठी दगड बघत होती. आमच्या थोडं आधी छान गप्पा झाल्या होत्या. ती मला विचारत होती कुठला दगड खाऱ्या हवेत टिकतो, मी तिला माझ्या तक्त्यातलं सांगत होते, आणि ती मान डोलावत होती. तेवढ्यात तो मालक मोठ्या आवाजात म्हणाला, मासळी. मला शाळेचे दिवस आठवले. खळ्यावर माल पडलेला असला की माझ्या दप्तराला वास यायचा, आणि बाकावरची मुलगी दप्तर पायाने लांब सारायची. पन्नाशीला आले मी. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली. तरी त्या गॉगलवालीपुढे माझ्या तोंडातून फटकन नाही निघालं. वर "आता कोण वाळवतंय" म्हणून हसलेसुद्धा. ती बाई कोण, कुठली, मला नावही माहीत नाही. तिच्यापुढे मान राहावा म्हणून मी माझ्या आईचा मान घालवला. या विचाराने मला माझ्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

भावावर चिडणं सोपं पडतं. मी अजून चिडते. त्याने खूण करून माल पास केला, त्याची चूक आहेच. पण रात्रंदिवस त्याच्या नावाने बोटं मोडली तरी वखारीतलं माझं वाक्य काही परत येत नाही.

मी हातावर हात ठेवून बसले नाही. दुसऱ्याच आठवड्यात गवंड्याला बोलावलं. म्हटलं, निम्मा दगड काढ, माझ्या खर्चाने. तो पायाने ठोकून म्हणाला, खाली चांगला चार इंच कोबा आहे, घण घालावा लागेल, दगड निम्मे फुटतील, आणि खाली माती नाहीच, खडी भरली आहे. मग म्हणाला, मशीन फिरवून घाव घासून देतो, गुळगुळीत होईल. भाऊ आडवा आला. होळीपर्यंतची बुकिंगं झालीत, फोटोत हेच अंगण आहे, आणि घासलेल्या दगडावरून पावसाळ्यात कोणी पडलं तर तू भरून देणार का? दोघांत पुन्हा जुंपली. शेवटी आई बाहेर आली.

"आता फोडून काय करतंस?" ती मला म्हणाली. "ती माती कुठनं आनशील? ती काय इकत मिलते?"

बरं, तिने निदान रागवावं की नाही! मला तिने शिव्या द्यायला हव्या होत्या. लहानपणी माशावर कावळा बसला तर ती मला खराट्याने बदडायची. आता एक शब्द नाही. मी चिडून म्हटलंसुद्धा, "आई, बोल ना मला काहीतरी!" तर म्हणते, "भात खा, थंड होतोय."

भावाने निळी ताडपत्री आणून दिली. तिच्यावर जवळा घामेजला आणि वास मारायला लागला. मी हिरवी जाळी आणली, महागातली. जाळीत जवळ्याच्या मिशा अडकल्या आणि ओढून काढताना निम्मा माल तुटला. आईने आमच्या दोघांच्या वस्तू घडी घालून माळ्यावर ठेवल्या. मग एका सकाळी ती पाटी डोक्यावर घेऊन किनाऱ्यावर गेली. इतर बायकांच्या शेजारी, भरतीच्या रेषेच्या वर, रेतीत तिने जवळा पसरला. त्यांनी तिला जागा करून दिली. कोणी काही विचारलं नाही, पण सगळ्यांनी बघितलं असणार. हे मला भावानेच फोनवर सांगितलं.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी रजा काढली. साहेबांना सांगितलं, घरी काम आहे. पहाटेची एसटी पकडून माहेरी गेले आणि आईबरोबर बाजारात आले. पाटी मी घेते म्हटलं, तिने दिली नाही. पोचल्यावर ती तिच्या नेहमीच्या जागेवर गेली नाही. तिथून पुढे, जिथे रेतीचा माल घेऊन बसतात त्या ओळीच्या शेवटी तिने फडकं अंथरलं. जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोघी तिला शोधत आल्या. तिने त्यांना दुरूनच हाताने नको म्हणून सांगितलं. त्या थोडा वेळ घुटमळल्या आणि गेल्या.

मग एक अनोळखी बाई आली, सुट्टीला आलेली असावी. खाली वाकून तिने जवळा बोटाने चाळवला.

"मावशी, यात रेती नाही ना?"

माझ्या आईला हा प्रश्न उभ्या जन्मात कोणी विचारला नव्हता. मला वाटलं ती उसळेल. मला वाटलं, निदान आता तरी उसळू दे.

"हाय," आई म्हणाली. "तीन पान्यांनी धू, मग खा."

बाईने भाव पाडून मागितला. आईने तेवढ्यात दिला. मी कधी तिला घासाघीस न करता माप भरताना पाहिलं नव्हतं. मी मागे उभी राहून बघत होते आणि मला त्या बाईचा, भावाचा, वखारवाल्याचा, त्या गॉगलवालीचा, सगळ्या जगाचा संताप आला होता. मी पुढे होऊन खाली बसले, पाटीतला जवळा ओंजळीने फडक्यावर घ्यायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाजारात, सगळ्यांच्या देखत. आईने माझं मनगट धरलं आणि हात बाजूला केला. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता, काही नव्हतं. डोळ्यात थेंब घालताना मी तिच्याशी बोलायची तशी ती माझ्याशी बोलली.

"राहू दे, बाय. तू हापिसात जा. तुना वास लागंल."